तुम्ही विचारलंत म्हणून: आरएनएवरची खूण

"सर, आरएनएवरची खूण पुसली की कॅन्सर बरा होतोय म्हणं. आमच्या दादांना चालंल काय ते औषध?"

कोल्हापुरात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे रंकाळ्यावर फिरतानाही हा प्रश्न गाठतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

आरएनए म्हणजे पेशीतला निरोप. त्यातल्या अ‍ॅडेनिन या अक्षरावर मिथाइल नावाच्या अणुगटाचा छोटासा ठिपका बसतो, त्याला एम-सिक्स-ए म्हणतात. हीच ती खूण. १९७४ पासून तो माहीत आहे. अनुस्वारानं 'मद'चा 'मंद' होतो, तसा हा अर्थ बदलत नाही. निरोप किती वेळा वाचायचा आणि कधी फाडून टाकायचा, ते ठरवतो.

आता तालमीत चला. शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या डेंड्रायटिक पेशी म्हणजे वस्ताद, आणि लढणाऱ्या टी पेशी म्हणजे पैलवान. कॅन्सरच्या गाठीचे तुकडे गिळायचे आणि टी पेशींना दाखवायचे: हा बघ, ह्याला धरायचं. पण वस्तादाच्या पोटातली पाचक प्रथिनं वाढली, तर तुकडे पार विरघळतात, दाखवायला काही उरत नाही. त्या पाचक प्रथिनांच्या निरोपावर हाच ठिपका असतो, आणि वायटीएचडीएफ-१ नावाचं प्रथिन तो वाचून त्यांचं उत्पादन वाढवतं. २०१९ मध्ये हे वाचणारं प्रथिन नसलेल्या उंदरांत तुकडे टिकले, टी पेशी गाठीवर तुटून पडल्या, पीडी-एल१ (टी पेशींना थोपवणारं प्रथिन) रोखणाऱ्या औषधाचा गुणही वाढला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो.

मग सगळे ठिपकेच पुसावेत? ठिपका लावणारं मेटल-३ नावाचं प्रथिन रोखलं, तर उंदरांतला रक्ताचा कॅन्सर मागे हटतो, हे २०२१ मध्ये दिसलं. पण त्याच मेटल-३वाचून टी पेशी नीट वाढत नाहीत, हेही उंदरांतच दिसलंय. म्हणजे शत्रूचा हात बांधताना आपल्याच पैलवानाचा खुराक तोडायचा धोका. करोनाच्या एमआरएनए लशींत तर खूण मुद्दाम घातली होती, ती वेगळी, स्युडोयुरिडिन या बदललेल्या आरएनए-अक्षराच्या जातीची. तिच्यामुळे प्रतिकारपेशी बाहेरून आलेल्या आरएनएवर भडकत नाहीत. कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांना २०२३ चं नोबेल मिळालं ते ह्याच शोधासाठी.

म्हणून ताई, खूण चांगली की वाईट, असं मला सांगता येत नाही. कुठल्या पेशीत, कुठल्या निरोपावर, हे आधी बघावं लागतं. मेटल-३ रोखणाऱ्या गोळीच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्यात, पण दादांना आज लिहून देता येईल असं त्यात काही नाही. त्यांच्या केमोची तारीख जवळ आलीय ना? ती चुकवू नका.