बटण दाबल्यावर वाजणारे यंत्र धूर आल्यावर वाजेल का?

मानवतजवळच्या आमच्या गावी वेचणी सुरू झाली की रस्त्याकडची मोठी खोली कापसाने भरते आणि मनासारखा भाव मिळेपर्यंत, कधी कधी होळीपर्यंतसुद्धा, तो कापूस घरातच राहतो. कापसात पडलेली ठिणगी वर ज्वाळा न दिसता तासन्‌तास आत धुमसत राहू शकते. या भीतीपोटीच आम्ही २०१६ मध्ये त्या खोलीत स्मोक डिटेक्टर बसवला. दर महिन्याला मी स्टुलावर चढून त्याचे बटण दाबत असे, कर्कश आवाज ऐकत असे आणि निर्धास्त होत असे. गेल्या दसऱ्याआधी, खोली रिकामी असताना, प्रथमच खऱ्या धुराने त्याची परीक्षा घेतली आणि यंत्र वाजलेच नाही.

बटणामुळे एवढेच कळते की सेल जिवंत आहे, आतले सर्किट चालू आहे आणि भोंगा वाजतो. बाहेरचा धूर जाळीतून आत शिरू शकतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. आमचे यंत्र प्रकाशावर चालते. त्याच्या अंधाऱ्या कप्प्यात अवरक्त प्रकाशाचा झोत असतो आणि तो थेट पडणार नाही अशा कोनात प्रकाश टिपणारा एक ग्राहक (सेन्सर) बसवलेला असतो. धुराचे कण आत आले की प्रकाश विखुरतो, त्यातला काही ग्राहकावर पडतो आणि भोंगा सुरू होतो. अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी द्रव्य वापरणारा दुसरा प्रकार भडकत्या ज्वाळा लवकर ओळखतो, परंतु धुमसणाऱ्या आगीसाठी प्रकाशावर चालणाराच अधिक योग्य, आणि कापसाच्या घराला तोच हवा.

मी तेल न लावलेली कापसाची जाड वात पितळी ताटलीत पेटवून विझवली आणि तिचा धूर यंत्राखाली धरला. मिनिट उलटून गेले तरी आवाज नाही. यंत्र खाली काढून पाहिले, तर कीटक आत जाऊ नयेत म्हणून असलेल्या बारीक जाळीवर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसला होता. मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने बाहेरूनच तो काढला. पाणी लावले नाही, कप्पाही उघडला नाही. त्यानंतर यंत्र वाजले, पण उशिराच. मागच्या बाजूला उत्पादनाचे वर्ष २०१४ छापलेले होते आणि अशा यंत्राचे आयुष्य साधारण १० वर्षांचे धरतात, म्हणून ते बदलले. नव्या यंत्रासाठी मी धुरासारखे बारीक कण फवारणारा परीक्षेचा स्प्रे मागवला आहे, कारण उदबत्तीचा किंवा तेलाच्या वातीचा चिकट धूर वारंवार दिल्यास कप्प्यातच काजळी धरते. कोणत्याही मार्गाने परीक्षा घ्या, पण खोलीत कापूस असताना विस्तव मुळीच नेऊ नका.

जागेचाही विचार करावा लागला. आमच्याकडे त्या खोलीवर पत्रे आहेत आणि तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो, त्यामुळे धुमसणाऱ्या आगीचा मंद, थंड धूर त्या थराखालीच अडून राहू शकतो. म्हणून नवे यंत्र पत्र्याला न भिडवता लाकडी पट्टीवर थोडे खाली घेतले.

सर्वांत अस्वस्थ करणारी परीक्षा मात्र आवाजाची होती. दुपारी घरातले वयस्कर नाना आपल्या खोलीत झोपले होते, दार लोटलेले होते, कूलर चालू होता. मी कापसाच्या खोलीतले बटण दाबले आणि बहिणीला नानांजवळ उभे केले. तिला आवाज अंधुक ऐकू आला, नाना हललेही नाहीत. भोंग्याचा आवाज ३ मीटरवर साधारण ८५ डेसिबल असतो, पण अंतर आणि बंद दार तो झपाट्याने कमी करतात. शिवाय नेहमीच्या भोंग्याचा स्वर ३००० हर्ट्झच्या आसपासचा, आणि उतारवयात श्रवणशक्ती आधी याच उंच स्वरांची कमी होते. यंत्र निर्दोष असूनही ज्याला जागे करायचे तोच झोपून राहील, हा विचार मला आजही सोडत नाही. त्यामुळे आता एक वाजले की दुसरेही वाजेल अशी जोडलेली दोन यंत्रे घेतली असून दुसरे नानांच्या खोलीत लावले आहे. ५२० हर्ट्झच्या खालच्या स्वराचे भोंगेही असतात. तसा एक नानांसाठी मिळवण्याच्या प्रयत्नात आहे.

दुसरे यंत्र बसवल्यावर तीच परीक्षा पुन्हा घेतली, त्याच वेळी, कूलर चालू ठेवून. या वेळी नाना उठून बसले.