तुम्ही विचारलेत म्हणून : चार्ल्सनच का?

इंग्लंडच्या रंगभूमीविषयी मी कुठेही बोललो, की शेवटी कोणीतरी उठून विचारतेच, ‘सर, गिलगुड आहेत, ऑलिव्हिए आहेत, मकेलन आहेत, तुम्ही दर वेळी इयन चार्ल्सनवरच का येता? त्याचे गाजलेले चित्रपट दोन आणि आयुष्य चाळीस वर्षांचे.’ आजवर मी या प्रश्नाला अर्धीमुर्धी उत्तरे दिली. त्यातून माझ्याविषयी गैरसमज झाले असतील तर त्याचे मला काही वाटत नाही. त्याच्याविषयी झाले, याचे वाटते.

पहिला गैरसमज, तो मुख्यतः चित्रपटांचा नट होता, हा. १९८१ साली ‘चॅरिअट्स ऑफ फायर’मधील धावपटू एरिक लिडलने त्याला जगभर ओळख मिळवून दिली आणि पुढच्याच वर्षी तो ‘गांधी’मध्ये गांधीजींचे इंग्रज मित्र दीनबंधू अँड्र्यूज झाला. म्हणजे डॉ. लागूंचे गोखले आणि रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा पाहायला गेलेल्या आपल्या प्रेक्षकांनीही त्याला पाहिलेले आहे. पण त्याआधी रॉयल शेक्सपिअर कंपनीत तो ‘टेम्पेस्ट’मधला एरियल होता, आणि प्रसिद्धी मिळाल्यावरही तो नाटक करीतच राहिला. १९८२ मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘गाइज अँड डॉल्स’मधला जुगारी, १९८८ मध्ये तिथेच टेनेसी विल्यम्सच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ या नाटकातला ब्रिक.

‘गांधी’मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फुटपाथवर गांधीजी आणि अँड्र्यूज यांची वाट अडवणारा एक दांडगट तरुण आहे, तो डॅनियल डे-लुईस. १९८९ मध्ये नॅशनल थिएटरने रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हॅम्लेट’ उभे केले, तेव्हा हॅम्लेट हाच डे-लुईस होता. सप्टेंबरमध्ये, भुताच्या प्रवेशात तो कोसळला आणि रंगमंच सोडून गेला, तो पुन्हा कधीही नाटकात उभा राहिला नाही. ९ ऑक्टोबरपासून हॅम्लेट चार्ल्सन करू लागला. त्याला एचआयव्हीची बाधा असल्याचे १९८६ मध्येच कळले होते. डोळ्यांभोवतीची सूज कोणालाही दिसावी अशी होती. त्या अवस्थेत, शेक्सपिअरच्या सर्वांत लांब भूमिकांपैकी एक त्याने १३ नोव्हेंबरपर्यंत केली, आणि ६ जानेवारी १९९० रोजी तो गेला. त्याआधी, १९८९ चा ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’चा उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार इयन मकेलन यांना ‘ऑथेल्लो’मधल्या इयागोसाठी मिळाला होता, त्यांनी ते स्मृतिचिन्ह चार्ल्सनला देऊन टाकले. मृत्यूचे खरे कारण, एड्स, लोकांना कळावे, ही त्याची इच्छा होती, आणि ते जाहीर करण्यात आले. त्या काळी ब्रिटनमध्ये असे करणारा प्रसिद्ध नट दुसरा नव्हता.

पूर्वी मी भाषणांतून याला त्याग म्हणत असे. तेव्हाच्या मला आज विचारावेसे वाटते, की त्याने सोडले ते नेमके काय? त्याला ती भूमिका हवी होती आणि त्याने ती केली. त्याग हा शब्द मी माझ्या सोयीसाठी वापरत होतो. तो वापरला म्हणजे सामान्य माणसाकडून तशी अपेक्षा करता येत नाही आणि ज्याने त्याला थांबवले त्याला जाबही विचारता येत नाही.

कारण मी एकाला थांबवले होते. आमच्या हौशी संस्थेतला माझा मित्र, आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणारा, स्पर्धेच्या नाटकात म्हाताऱ्या सरदाराचे काम करीत होता. प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना मी त्याची भूमिका काढून दुसऱ्याला दिली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, चौदा जणांची तीन महिन्यांची मेहनत पणाला लागली होती, मध्येच काही झाले असते तर प्रयोग थांबवावा लागला असता; ही सगळी कारणे खरी होती आणि आजही मी ती मागे घेणार नाही. पण त्याला मी यातले एकही सांगितले नाही. मी म्हणालो, ‘चेहरा फार सुजलाय रे, पहिल्या रांगेतून दिसतो.’ तो म्हणाला, ‘म्हातारा आहे ना तो, मग सुजलेला का नको?’ मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी रागावलो.

चार्ल्सनची सूज आयर यांना दिसत नव्हती, असे मला कोणी सांगू नये. आणि आयर बरोबर होते म्हणून मी चूक ठरलो, असेही सांगू नये. नॅशनल थिएटरपाशी प्रयोगाच्या ऐन वेळी दुसरा नट उभा करण्याची सोय होती, आमच्याकडे नव्हती. डे-लुईस निघून गेला, त्यालाही मी दोष देऊ शकत नाही. ज्याला थांबायचे आहे त्याने थांबावे, ज्याला करायचे आहे त्याला करू द्यावे, इतके सोपे असते तर मी हा लेख लिहिला नसता.

माझा मित्र रुसला नाही. प्रयोगाच्या रात्री तो विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला बसला, जरी संहितेची त्याला गरज नव्हती. तिसऱ्या अंकात नवा सरदार अडखळला, तेव्हा विंगेतून वाक्य आले. शब्द पुरवण्यासाठी दबक्या आवाजात पुटपुटतात तसे नव्हे, सरदाराच्या आवाजात, त्याच्या थकव्यासकट, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असे. प्रेक्षकांना वाटले, नाटकातलेच आहे. मी समोरच्या विंगेत उभा होतो. मी त्याच्याकडे पाहिले नाही.