कडं नसलेला शनी

१९९५ चा डिसेंबर, मी सातवीत. विज्ञानाच्या सरांनी पणजीहून कोणाचा तरी टेलिस्कोप आणलेला आणि संध्याकाळी सातला गच्चीवर या, शनीची कडी दाखवतो म्हणाले. आजीला कळलं तर ती म्हणाली, "शनी? ताका पळय नाका!" म्हणजे त्याला बघू नको, साडेसाती मागे लागेल म्हणून. मी जादा तास आहे असं सांगून सटकलो, ते अर्धं खरंच होतं कारण दुपारपासून शाळेतच होतो, डबासुद्धा तिथेच खाल्लेला.

चाळीसेक पोरं, एक टेलिस्कोप, मच्छर भरपूर. माझा नंबर आला तर काय, पिवळसर गोळी आणि बाजूला बारीक ठिपका, तो टायटन, शनीचा चंद्र. कडं कुठेच नाही! मागून कोणीतरी बोललं, सर, कडं बांबोळीच्या हॉस्पिटलात अॅडमिट केलंय काय? सगळे हसले, सर पण.

मग सरांनी माझ्या डब्याचं झाकण मागितलं. त्याला हुमण, म्हणजे माशाची आमटी, चिकटलेलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी ते टॉर्चसमोर तिरकं धरलं तर गोल दिसलं, डोळ्यांच्या रेषेत आणलं तर नुसती रेघ. कडी अडीच लाख किलोमीटरहून जास्त पसरलेली, पण जाडी बहुतेक ठिकाणी आपल्या ग्राउंडएवढीसुद्धा नाही, त्यामुळे दर १४-१५ वर्षांनी ती आपल्याला कडेवरून दिसतात म्हणजे दिसतच नाहीत, १६१२ मध्ये गॅलिलिओ पण असाच गोंधळलेला. साडेसातीचं गणितही तेव्हाच कळलं, साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं, अशा तीन राशी. आजीला सांगितलं नाही अर्थात.

सरांना हे आधीच माहीत होतं की पोरं हसल्यावर सुचलं, ते मी आजपर्यंत विचारलं नाही.

पुढे जानेवारी २००४ मध्ये पणजीला जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून पूर्ण उघडलेली कडी बघितली, खरं सांगतो, कोणीतरी लेन्सवर चित्र चिकटवलंय असं वाटलं!

आणि आता नोव्हेंबर २०२५, शनीची एक फेरी पूर्ण, आकाशात जवळजवळ त्याच जागी. फोंड्याच्या बाल्कनीत छोटा टेलिस्कोप लावला, कडं सुईसारखं, नीट बघितलं तरच दिसणारं. मुलगी म्हणाली, "बाबा, रिंग कुठाय?"

मी किचनमध्ये झाकण शोधायला गेलो. या वेळी धुतलेलं.