क्लॉप यांच्यानंतर कोण? परभणीतल्या चार महिन्यांच्या वादाची नोंद

२६ जानेवारी २०२४ रोजी शाळेतले झेंडावंदन आटोपून घरी आलो, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणलेली जिलेबी मुलांना दिली आणि दुपारी जरा आडवा झालो असताना मोबाइलवर बातमी दिसली, की इंग्लंडच्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक युर्गेन क्लॉप हंगाम संपताच क्लब सोडणार आहेत. आपल्यातली ऊर्जा संपत चालली आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते आले, २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा आणि २०२० मध्ये तीस वर्षांच्या खंडानंतर इंग्लंडचे लीग विजेतेपद त्यांनी मिळवून दिले. माझ्यासारख्याने रात्री जागून सामने पाहण्याची सवय ज्यांच्यामुळे लावून घेतली, ते हे प्रशिक्षक. संध्याकाळी वसमत रस्त्यावरच्या नेहमीच्या हॉटेलात आम्ही चौघे जमलो. पहिला चहा कोणी काही न बोलता संपवला आणि दुसरा येण्याआधीच वादाला तोंड फुटले.

माझ्या मनात एकच नाव होते, ते म्हणजे शाबी अलोन्सो. २००४ ते २००९ या काळात तो आपल्याकडून खेळला, २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात बरोबरीचा तिसरा गोल त्यानेच केला आणि आता तो प्रशिक्षक म्हणून लेव्हरकुसेन या जर्मन क्लबला घेऊन तिथल्या लीगमध्ये सर्वांच्या पुढे होता. कृषी विद्यापीठात शिकणारा माझा पुतण्याही माझ्याच बाजूचा होता. “काका, घरचा माणूस असताना बाहेर कशाला पाहायचं?” हे त्याचे म्हणणे मला तेव्हा पूर्णपणे पटत होते, कारण क्लॉप यांच्याइतका जीव ज्याच्यावर लावता येईल असा माणूस आम्ही शोधत होतो, आणि अलोन्सोवर तर आमचा जीव आधीपासूनच होता.

या मताला पहिला धक्का दिला तो जिनिंगवर हिशेब लिहिणाऱ्या आमच्या मित्राने. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो लाल कापडी बांधणीची, कापसाच्या आवकेसाठी वापरतात तसली लांब वही घेऊन आला. तिच्या कोऱ्या पानावर त्याने उभ्या रेघा मारून रकाने पाडले होते: संघ हाती घेतला तेव्हाचा क्रमांक, वर्षभरानंतरचा क्रमांक, गेलेले खेळाडू, जुन्यांपैकी सुधारलेले, आणि बचावफळीत किती जण. अलोन्सोची ओळ भक्कम होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये लेव्हरकुसेन अठरा संघांत सतराव्या क्रमांकावर होता आणि तो हंगाम त्यांनी सहाव्या स्थानावर संपवला होता. शेवटच्या रकान्यात मात्र ‘तीन’ होते, आणि त्या आकड्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याचा मुद्दा असा होता, की लिव्हरपूलचा सारा संघ चार बचावपटूंच्या रचनेसाठी वर्षानुवर्षे घडवलेला आहे. सालाह उजव्या बाजूने आत येतो, त्याच्या मागून अलेक्झांडर-आर्नल्ड पास देतो, डावीकडून रॉबर्टसन धावतो, आणि तीन बचावपटू खेळवणारा प्रशिक्षक आणला, तर यातल्या निम्म्यांना नवे काम शिकवावे लागेल किंवा विकावे लागेल. हाच आक्षेप त्याने पुढे पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांच्यावरही घेतला. “माणूस चांगला आहे का, हे मी विचारीनाच. आपल्या ह्या अकरांचं त्याच्या हातात काय होईल, ते सांगा,” असे तो म्हणाला. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि ते नव्हते म्हणूनच मी त्या दिवशी आवाज चढवला.

मार्चमध्ये लिव्हरपूलचे जुने क्रीडा संचालक मायकेल एडवर्ड्स क्लबच्या मालकांच्या कंपनीत फुटबॉलचे प्रमुख म्हणून परतले आणि बोर्नमथ या दुसऱ्या इंग्लिश क्लबमधले रिचर्ड ह्यूज क्रीडा संचालक होणार हेही ठरले. आम्हाला ही कार्यालयीन बातमी वाटली. खरे तर निवडीची रीत तिथेच ठरून गेली होती. २९ मार्चला अलोन्सोने लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे सांगितले आणि आमच्या बाजूचा वाद एका वाक्यात संपला.

एप्रिल फार जड गेला. ईदच्या रात्री आम्ही मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या चौथ्या मित्राच्या घरी शीरखुर्मा खाऊन साडेबाराचा सामना पाहायला बसलो आणि इटलीच्या अटालांटा क्लबने अॅनफिल्ड या आमच्याच मैदानावर तीन गोल करून आम्हाला हरवले. तीनच दिवसांनी, १४ एप्रिलला, शहरात भीमजयंतीची मिरवणूक निघालेली असताना क्रिस्टल पॅलेसने एका गोलने नमवले, आणि त्याच रात्री तिकडे लेव्हरकुसेनने ब्रेमेनला पाच गोल मारून आपले पहिले लीग विजेतेपद जिंकले. डोक्यावर निळा फेटा असलेला पुतण्या रात्री उशिरा माझ्याकडे आला आणि दोन्ही निकाल पुन्हा पुन्हा पाहत बसला.

२४ तारखेला एव्हर्टनने हरवले. २६ तारखेला मतदान होते. बोटांना शाई लावून आम्ही हॉटेलात आलो, तोवर नेदरलँड्सच्या फेयेनोर्ड क्लबचे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांचे नाव जवळजवळ पक्के झाले होते. “डच लीगमधला माणूस आणून काय करायलेत हे लोक?” मोबाइलवाला मित्र खरोखर दुखावला होता, आणि त्याचा राग निराधार नव्हता. स्लॉट खेळाडू म्हणून झ्वोले, ब्रेडा, स्पार्टा रॉटरडॅम अशा संघांपलीकडे गेले नव्हते आणि इंग्लंडमध्ये त्यांनी एकही संघ सांभाळलेला नव्हता.

वही पुन्हा उघडली गेली. फेयेनोर्ड २०२१ मध्ये पाचवा होता. स्लॉट आल्यावर तिसरा, मग पहिला. त्या मधल्या उन्हाळ्यात सिनिस्टेरा, मलासिया, सेनेसी, औरस्नेस असे मुख्य खेळाडू विकले गेले होते आणि तरीही पुढच्याच वर्षी ते विजेते झाले. यातल्या सेनेसीला विकत घेणारा क्लब बोर्नमथ होता, म्हणजे ह्यूज यांनी फेयेनोर्डचा संघ आधीपासूनच बारकाईने पाहिलेला असणार. शेवटच्या रकान्यात ‘चार’ होते.

नेमणूक जाहीर झाली तेव्हा पद ‘मॅनेजर’ नव्हते, ‘मुख्य प्रशिक्षक’ होते. अनेकांनी याकडे दुर्लक्ष केले, मला मात्र ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. खरेदी-विक्रीचा भार क्रीडा संचालकावर आणि मैदानावरचे काम प्रशिक्षकावर, अशी वाटणी करूनच त्यांनी शोध सुरू केला होता, तर आम्ही मात्र सगळे एकट्याने पेलणारा दुसरा क्लॉप शोधत बसलो होतो.

पहिल्या उन्हाळ्यात संघात किएझा हा एकच नवा खेळाडू आला. जे होते त्यांनाच घेऊन स्लॉट यांनी काम केले, ग्रावेनबर्खला बचावफळीपुढे खेळवले, आणि २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ असे हरवून चार सामने बाकी असतानाच विसावे लीग विजेतेपद मिळवले. त्या रात्री मी हिशेबनीस मित्राच्या घरी जाऊन त्याचे म्हणणे खरे ठरल्याचे सांगितले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फॉरेस्टने तीन आणि पीएसव्हीने चार गोल मारून अॅनफिल्डवरच हरवले, तेव्हा स्लॉट यांना काढा, नवा माणूस आणा, ही मागणी आमच्याही टेबलावर आली. मागच्या उन्हाळ्यात इतके नवे खेळाडू आले होते, आणि संघातल्या डिओगो जोटाच्या अपघाती मृत्यूचे दुःख तर संघाने पुरते पचवलेलेही नव्हते. पुतण्याने पुन्हा अलोन्सोचे नाव घेतले. या वेळी वही मीच मागवून घेतली, नवे पान उघडले आणि क्रमांकाच्या रकान्याआधी आणखी एक रकाना पाडला: आत्ताच्या संघात गेल्या वर्षीचे किती उरले?