पाच वॉट आणि तीन सेंटिमीटर वायर

माझ्या रेडिओ ॲम्प्लिफायरचा बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट, ठरवणारा ट्रिमपॉट (छोटा फिरता रेझिस्टर) जरासा फिरवला की मीटरवर 30, 40, 45 मिलिअँपियर, आणि मग एकदम 700. मधलं काही नाहीच. मागे फिरवला तरी करंट उतरायचा नाही, सप्लायच बंद करावा लागायचा. आणि हे सगळं इनपुटला काहीही जोडलेलं नसताना! तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की माझा हाच उद्योग.

करायचं होतं ते साधंच. 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅमवाल्यांच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) 40 मीटर बँडवर, आयआरएफ510 मॉसफेटने (हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) पाच वॉट काढायचे. हा मॉसफेट मुळात स्विचिंगसाठी बनलेला, पण स्वस्त आणि सहज मिळणारा, म्हणून हॅम मंडळी त्याला आरएफला (रेडिओ फ्रिक्वेन्सीला) जुंपतात. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स40 या रेडिओ ट्रान्सीव्हरमध्येही आउटपुटला हाच आहे. ड्रायव्हर आणि लो पास फिल्टर एका रविवारात उरकले.

पहिला संशय ट्रिमपॉटवर. बदलला. मग मॉसफेटवर. एक नाही, चार बदलले. पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या ज्या दुकानातून आणले होते तिथे जाऊन "डुप्लिकेट माल विकता का?" म्हणून भांडूनही आलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, आजवर कुणाची तक्रार नाही." त्याने मी आणखीच भडकलो.

मग एका रात्री हात हीटसिंकजवळ गेला आणि करंट 700 चा 620 झाला. हात मागे घेतला, परत 700. नुसता बायसचा घोळ असता तर त्याला माझ्या हाताचं काय पडलंय? लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा रेडिओ रिसीव्हर) लावून शोधलं, तर 62 मेगाहर्ट्झच्या आसपास जाडजूड सिग्नल, हात हलवला की सरकणारा. म्हणजे ॲम्प्लिफायर आपला आपणच ऑसिलेट होत होता, इनपुट नसताना स्वतःच सिग्नल तयार करत होता. मी 7 वर डोळे लावून बसलो होतो आणि हा पठ्ठ्या 62 वर गात होता.

क्लबातल्या एका काकांना फोटो पाठवला. उलट एकच प्रश्न आला: "सोर्सची वायर किती लांब आहे रे?"

सोर्स म्हणजे मॉसफेटच्या तीन पायांपैकी ग्राउंडला जाणारा; गेट इनपुटचा, ड्रेन आउटपुटचा. वायर होती तीन सेंटिमीटर. झिरो पीसीबीच्या (नुसत्या भोकांच्या बोर्डच्या) एका टोकाला मॉसफेट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड. सेंटिमीटरला ढोबळमानाने 10 नॅनोहेन्री धरा, झाले 30. 7 मेगाहर्ट्झवर हे जेमतेम 1.3 ओहम, पण 60 वर 11 ओहम! कागदावर जिथे ग्राउंडची खूण होती, तिथे मी नकळत एक कॉइल बसवली होती.

झिरो पीसीबी फेकला. कोरं कॉपर क्लॅड घेतलं. अख्खं तांबं म्हणजेच ग्राउंड. सोर्सचा पाय चार मिलिमीटरवर कापून थेट तांब्याला सोल्डर केला. गेटला 10 ओहमचा रेझिस्टर, तोही पायाला अगदी चिकटून. दोन सेंटिमीटर लांब लावाल तर लावून न लावल्यासारखा. सप्लायला 0.1 मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक कपॅसिटरसोबत 47 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिकही टाका. आरएफला छोटा पुरतो असं मलाही वाटायचं, पण खालच्या फ्रिक्वेन्सीला मॉसफेटचा गेन उलट जास्त असतो, तिथेही तो ओरडू शकतो.

करंट 50 मिलिअँपियरला आला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटं मी नुसता मीटरकडे बघत बसलो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: 12 व्होल्टवर पाच वॉट हवे असतील तर ड्रेनला दिसणारा लोड 12 चा वर्ग भागिले 10 (पाच वॉटची दुप्पट), म्हणजे 14.4 ओहमच्या जवळपास लागतो. म्हणून 1:4 ट्रान्सफॉर्मर, आउटपुटच्या 50 ओहमचे साडेबारा होतात. मी सुरुवातीला थेट 50 ला जोडत होतो, तसं कितीही ड्राइव्ह दिलं तरी दीड वॉटही निघाला नसता. आणि हो, मॉसफेटचा टॅब आतून ड्रेनलाच जोडलेला असतो, हीटसिंकला लावताना मध्ये अभ्रक हवंच.

डमी लोडला (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरला) वायरवाउंड रेझिस्टर नको, तीही गुंडाळीच. मी अर्ध्या वॉटचे 1 किलोओहमचे वीस समांतर जोडले: 50 ओहम, दहा वॉट. डायोड आणि कपॅसिटर लावून पीक मोजला तर 21 व्होल्ट. वर्ग करून 100 ने (50 ओहमच्या दुपटीने) भागलं, 4.4 वॉट. मला पुरे.

बदललेले ते चार मॉसफेट नंतर एकेक करून लावून पाहिले. तीन ठणठणीत निघाले. चौथा मीच जाळला होता. हल्ली कपॅसिटर आणायचे असले तरी मी त्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीतून जातो.