बांधावरचा पांगारा आणि दयाळ

मिरज तालुक्यातील आरग-बेडगचा परिसर पानमळ्यांचा आहे आणि आमच्या चुलत्यांचा मळाही त्यांतलाच एक. नागवेलीला आधार म्हणून शेवरी, हादग्यासोबत पांगाराही लावतात. परंतु तो वरचेवर छाटला जात असल्यामुळे मळ्यातल्या पांगाऱ्याला फुलणे सहसा ठाऊक नसते. बांधावरचा एक पांगारा मात्र मनसोक्त वाढला आहे, कारण तो बांध कोणाचा यावर चुलते आणि शेजारी यांचे अजून एकमत झालेले नाही आणि त्यामुळे कोयता लावायला कोणीच धजावत नाही. याच पांगाऱ्याच्या शेंड्यावर बसून दयाळ पक्षी गातो.

थंडीत दोघांकडेही कोणाचे लक्ष जात नाही. पांगाऱ्याची पाने गळून काटेरी फांद्या उघड्या पडतात, तर दयाळ शेपटी उभारून वेलींच्या गारव्यात किडे टिपत हिंडतो आणि फार तर एखादा खरखरीत स्वर काढतो. फेब्रुवारी सरता सरता, वेलींच्या उतरणीची, म्हणजे वाढलेल्या वेली खाली उतरवून मातीत पुरण्याची, लगबग चालू असताना, पांगारा पानांची वाट न पाहता लालभडक फुलतो. दिवस मोठा होऊ लागला की नर दयाळाच्या शरीरातही पालट होतो आणि उजाडण्याआधीच त्याची शीळ सुरू होते. पांगाऱ्याच्या फुलाला वास नाही. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर हे त्याचे पाहुणे रंग पाहून येतात. दयाळाच्या काळ्या-पांढऱ्या अंगावर रंग नाही. त्याचे सारे वैभव गळ्यात.

दोघांच्या हाकेचा अर्थ मात्र एक नव्हे. झाडाला जागचे हलता येत नाही, म्हणून परागकण दुसऱ्या झाडापर्यंत पोचवण्यासाठी ते कावळ्यासकट सगळ्यांना मधाचे आवतण देते. दयाळाचे गाणे मादीला आमंत्रण असते आणि दुसऱ्या नराला तंबी. चुलते ते ऐकून म्हणतात, “पाखरू खुशीत हाय.” ते हद्दीवरून भांडते आहे, हे त्यांना सांगण्याचे धाडस मला, विशेषतः त्या बांधावर उभे राहून, कधी झाले नाही.

यंदा होळीच्या सुमारास शेजाऱ्याच्या आंब्यावरून दुसऱ्या दयाळाने उत्तर दिले आणि बराच वेळ दोघेही हटेनात. साळुंक्या तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंनी येऊन पांगाऱ्याचा मध पिऊन गेल्या.