बारा मिनिटं

पौष अमावस्या, रविवारची रात्र. लिहितेय सोमवारी सकाळी साडेसातला.

आंघोळ झाली तरी नखांतला चिखल गेलेला नाही. झोप यायला हवी, येत नाहीये, म्हणून लिहूनच काढते.

काल रात्री ठाणे खाडीच्या काठी जुन्या मिठागराच्या बांधावर रिंगिंग होतं, म्हणजे पक्षी धरून, पायात नंबराचं कडं घालून परत सोडायचे. अमावस्या मुद्दाम धरतात, एक तर काळोखात जाळं पक्ष्यांना दिसत नाही आणि दुसरं म्हणजे उधाणाची भरती मध्यरात्रीच्या सुमारास चढते, मग खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की सगळे पक्षी टेकायला कोरडी जागा शोधत आत येतात आणि बांध ओलांडताना मिस्ट नेटमध्ये, म्हणजे उभ्या ताणलेल्या बारीक जाळ्यात सापडतात. माझ्याकडे पिशव्या आणि वही, तीन वर्षं तेच काम करतेय. पहिल्या दोन फेऱ्यांत टिलवे, दोन चिखल्या, नेहमीची मंडळी. सव्वाच्या फेरीला दादा (बिहारचे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरणारं घराणं, जाळ्यातून पक्षी सोडवताना त्यांची बोटं बघत राहावीत अशी) नेहमीसारखी हाक न मारता हळूच म्हणाले, "दीदी, टॉर्च इधर लाना, ये अलग है."

ग्रेट नॉट!

किनाऱ्यावरच्या चिखलात चरणारा हा पाहुणा पक्षी आजवर एकदाच बघितला होता, जामनगरच्या किनाऱ्यावर, तोही स्कोपमधून. 2015 पासून हा पक्षी धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. वजन 142 ग्रॅम, म्हणजे दीड वाटी तांदळाएवढंही नाही. पंखांची मोठी पिसं झिजून तपकिरी झालेली, मोठ्या पक्ष्याची या दिवसांत नवी असतात, म्हणजे हे गेल्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेलं पोर. यांची घरटी फक्त ईशान्य सायबेरियातल्या डोंगरांवर असतात, तिथून इथे सरळ रेघ ओढली तरी सात-आठ हजार किलोमीटर भरतात, आणि पिल्लं प्रवासाला निघतात ती मोठे निघून गेल्यावर, वाट दाखवायला सोबत आईबाप नसतात. चोच मोजताना त्याने ती उघडली ती फक्त टोकाशी, बाकीची चोच मिटलेलीच आणि वरचं टोक तेवढं वर वळलं, चिमटा उघडावा तसं. चिखलात खुपसलेल्या चोचीने आतल्या आत शिंपला धरायचा तो असा. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांसमोर बघितलं काल.

आणि इथेच ते झालं जे मला झोपू देत नाहीये. चिखलात चरणारे असे पक्षी फार वेळ धरून ठेवले तर भीतीने आणि ताणाने त्यांच्या पायांचे स्नायू निकामी होतात, सोडल्यावर उभंच राहता येत नाही, आणि ग्रेट नॉटला हा त्रास जास्त होतो हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. कडं घालायला कितीसा वेळ लागतो? अ‍ॅल्युमिनियमचं कडं, त्यावर नंबर आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा असा इंग्रजी मजकूर, पक्कडीने दाबायचं आणि फटीत नख शिरत नाही ना बघायचं, मग मांडीवर रंगीत फ्लॅग, लांबून ओळखू यावी अशी प्लास्टिकची पट्टी. पाच-सहा मिनिटांत सगळं उरकतं. पण ग्रुपमधल्या एकाला फोटो हवा होता, मग दुसऱ्याला, मग पंख उघडून अजून एक. घड्याळ माझ्या हातात होतं, वेळ मीच लिहीत होते, आणि मी गप्प बसले. असा पक्षी परत कधी मिळणार, हे माझ्याही मनात होतंच ना. 1:22 ला हातात घेतला, 1:34 ला सोडला.

दिवे बंद करून बांधाखालच्या ओल्या मातीवर ठेवला आणि तो बसला. पाय पोटाखाली घेऊन नुसता बसून राहिला. कुणी काही बोलेना. मला सारखं त्या कोरियातल्या सेमांगमचं आठवत होतं, 33 किलोमीटरची भिंत घालून 2006 मध्ये समुद्र अडवला, यांचा वाटेतला चिखलच गेला आणि पक्षी झपाट्याने कमी झाले. भराव काय असतो ते आम्हा खाडीकाठच्या लोकांना सांगायला नको, लहानपणी जिथे शेकाटे बघायचे तिथे आज टॉवर आहेत. एवढ्या सगळ्यातून वाचून हे पोर इथवर आलं आणि आमच्या फोटोंपायी पायांनी गेलं असतं तर त्या कड्याचं काय करायचं होतं? कडं उपयोगाचं कधी, तो दुसऱ्या कुठल्या चिखलावर चालताना कुणाला दिसला तर.

दादा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उठेगा." अंधारात मला दिसलं नाही, आधी पाण्याचा आवाज आला, पचक पचक, चार-पाच पावलं, मग थांबला, मग पंखांची फडफड आणि खाडीच्या बाजूला गेला.

पुढच्या अमावस्येला घरून निघण्याआधीच सगळ्यांना सांगणार आहे, असा पक्षी आला तर फोटो नाही, कुणाला राग आला तरी चालेल.

वहीत 'सोडला' या रकान्यात 1:34 आहे. उडाला तेव्हा 1:51 झाले होते, तेही शेजारी लिहून ठेवलंय.